रेजिनाबाईंची कवळी

कांदिवलीच्या गावठाणात रेजिनाबाई कोरियांशिवाय लग्नाचं ‘पाणी’ निघत नाही. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी आणायला बायका बँड लावून विहिरीवर जातात, तेव्हा गाणी रेजिनाबाईच उचलतात. नेमकी भाच्याच्या पाण्याच्या दिवशी, दुपारी, त्यांची वरची कवळी गायब झाली.

उशीखाली पाहिलं, न्हाणीत पाहिलं. एका कोंबडीचा संशय आला म्हणून तिची चोचही उघडून पाहिली. कोंबडी दुखावली, दात नाहीत ते नाहीतच.

हरवलेलं शोधून देणं हे ख्रिस्ती संत सांत आंतोनचं खातं. त्याने टंगळमंगळ केली की बायका त्याला शिक्षा करतात. रेजिनाबाईंनी त्याचा वीतभर पुतळा उचलला आणि डोकं खाली करून तांदळाच्या डब्यात रोवला.

“फापडेपर्यंत फरळ करणार नाय!” ‘स’चा ‘फ’ करणाऱ्या बोळक्या तोंडाने त्यांनी बजावलं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे काशीराम परब आले. गडी मालवणकडचा. गल्लीतल्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, दर शुक्रवारी झेंडूचा हार घालायचा, आणि आपल्या ग्रामदेवीला जाणारा रेजिनाबाईंचा नारळही इमानाने पोचवायचा. तांदळातून वर आलेले दोन पाय पाहून ते हबकले.

“बाय, ह्या काय?”

“फांत आंतोन. फिक्षा केलीय.”

“अगो, देवाक उलटो करून कोण काम सांगता? तोंडात तांदूळ गेले तर तो बोलतलो कसो? थांब, गाराणा घालतंय.”

नारळ आला, जास्वंद आली. काशीराम डब्यासमोर हात जोडून उभे राहिले. “बा देवा म्हाराजा, ह्या बायचे दात खंय असतीत थंयसून हाजीर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागून खणखणीत आवाज आला.

दोघं वळले. दारात फादर लिगोरी. पाणी किती वाजता निघणार ते विचारायला आले होते, आणि गाराण्याला नकळत हात जोडून होकार देऊन गेले होते. ते लाजले. “आमेन,” त्यांनी घाईघाईने जोडलं.

“आता देवाक सरळ कर,” काशीराम म्हणाले.

रेजिनाबाईंनी पाय धरून संताला उपसला. त्याच्या हाताला गुंडाळलेल्या जपमाळेत अडकून कवळीही वर आली! मघाशी तांदूळ काढताना त्यांना सणसणीत शिंक आली होती, ते आत्ता आठवलं.

“गाराण्यान गावले!” काशीराम ओरडले.

“शिक्षेनं!” दात बसवून रेजिनाबाई गरजल्या.

दोघांनी फादरकडे पाहिलं. फादरनी घसा साफ केला. “माझी स्कूटरची चावी परवापासून सापडत नाही. दोन्ही करून बघू या का?”

सांत आंतोन पुन्हा डब्यात गेला. संध्याकाळी फादर पाण्याला चालतच आले. रेजिनाबाईंनी गाण्यात काशीरामचं नाव गुंफलं, तसे ते विहिरीपाशी बँडसमोर असे नाचले की त्यांची चप्पल थेट विहिरीत गेली.