ताईच्या हिरव्या पेशी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसते आणि — भलतीकडूनच सुरुवात होते. आजही तसंच होईल कदाचित.

आधी प्रतिभाताईबद्दल सांगते. मी यवतमाळला एम.एस्सी. करत होते तेव्हा ती आमच्याच प्रयोगशाळेत पीएच.डी.ला होती. वणीची. हात न थरथरता थेंब कसा सोडायचा, हे तिनं मला शिकवलं. घाटंजीजवळच्या आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. काही विचारायचं म्हटलं की माझा जीव आक्रसायचा. विचारलं की कळतंच ना, हिला येत नाही ते?

ताईला हे दिसायचं. "कायले भेतं वं? इचारल्यावर आजवर खाल्लं का तुले मी? अन् खायचंच म्हटलं तं तुह्या अंगावर हाये काय?"

तिचं काम असं होतं. पेशीच्या आत एक जीन, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक, पोचवायचा. पॉलिमर त्याला गुंडाळून घेतो, पेशी ते गाठोडं गिळते — पण गिळलेलं ती आधी एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि आतलं जिरवून टाकते. वेळेत बाहेर निघालं तरच उपयोग, आणि बहुतेक गाठोडी निघतच नाहीत. ताईनं स्वतः बनवलेला पॉलिमर ती पिशवी फोडेल, अशी तिला आशा होती. तुलनेसाठी काही पेशींना आम्ही क्लोरोक्विन द्यायचो. हिवतापाच्या गोळीतलं, तेच. त्यानं पिशव्या फुटतातच. जीन पोचला की पेशी हिरवी चमकते.

म्हणजे ताईच्या पॉलिमरला साधा मीडिया — पेशींचं खाणं, गुलाबी पाणी — आणि तुलनेच्या पेशींना क्लोरोक्विनवाला. तोही गुलाबीच.

त्या दिवशी तुलनेच्या पेशींचं ताईनं आटोपलं होतं. तिच्या पॉलिमरच्या प्लेटला मीडिया द्यायचं माझ्याकडे होतं. मी दोन्ही बाटल्या काढल्या, नियमाप्रमाणे स्पिरिटनं पुसल्या, आणि मार्करनं लिहिलेली नावं कापसाबरोबर निघून गेली. ताई शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं. दहा पावलं असतील. मी गेले नाही. एक बाटली उचलली, तिच्यातलं प्लेटला दिलं, आणि तिच्या झाकणावर छोटं टिंब काढून ठेवलं. का काढलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

दोन दिवसांनी सगळी प्लेट हिरवी होती. ताई मायक्रोस्कोपवरून उठायला तयार नव्हती. दुपारी तिनं पेढे आणले. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी मायक्रोस्कोपमधली तीच चित्रं घेऊन परिषदेसाठी लेख लिहायला सांगितलं.

शनिवारी ती वणीला गेली. मी दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं तिच्याच पॉलिमरवर टाकून पाहिलं. सोमवारी सकाळी टिंबवाल्या बाटलीच्या पेशी हिरव्या होत्या. दुसरीच्या काळ्या, न चमकलेल्या. मी टिंबवाली बाटली बेसिनमध्ये ओतली, धुतली, पालथी घातली. बाटली उचलली ती चूक होती. ओतून दिली — ती चूक नव्हती. मग त्याला काय म्हणायचं?

पुढे ताईनं तोच प्रयोग तीनदा केला. पेशी काळ्याच. लाल रंग लावलेली तिची गाठोडी पिशव्यांत ठिपक्यांसारखी अडकून बसलेली. ती रंग बदलून पाही, पाणी बदलून पाही, स्वतःच्या हातांना दोष देई. मी शेजारी उभी राहून तिला बाटल्या देत होते.

शेवटी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. पहिल्या वेळची चित्रं कुठून आणली, असं त्यांनी तिला सरळ विचारलं. मग माझ्याकडे वळले. मीडिया कोणता टाकला होतास?

"साधा, सर."

"तिले काहून इचारता, सर?" ताई म्हणाली. "ते पोरगी चुकत नाही."

मी मान खाली घातली होती. तेव्हाही बोलता आलं असतं ना? ताई अजून बोलतच होती.

सरांनी परिषदेचा लेख मागे घेतला. प्रतिभानं चित्रं बनवली, असं कॉलेजात बोललं जाऊ लागलं. तिच्या तोंडावर नाही, तिची पाठ वळली की. काही महिन्यांनी तिनं पीएच.डी. सोडली. आता वणीत शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते, असं ऐकते.

माझा निकाल लागला तेव्हा तिचा फोन आला होता. "पह्यली आली म्हने, पोट्टे? चाल, माही मेहनत कामी आली."

मी म्हटलं, "हो, ताई."

मी आता दुसऱ्या शहरात पीएच.डी. करते. त्या पहिल्या प्लेटमध्ये क्लोरोक्विन होतं. ते मी टाकलं होतं. ताईनं चित्रं बनवली नव्हती. तिला जे दिसलं तेच तिनं दाखवलं, आणि हे मला त्या सोमवारपासून माहीत आहे.