दोघी जावा आणि एक वाइल्ड कार्ड

सांगलीत महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होणार असं कळलं, तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि माझी धाकटी जाऊ एकतीसची. मी शाळेत खेळाची शिक्षिका, लग्नाआधी कॉलेजकडून दुहेरी खेळलेली. जाऊचे वडील फौजेत होते. छावणीतल्या कोर्टवर साहेबांच्या मुलींना चेंडू वेचून देता देता ती खेळायला शिकली. डावखुरी. लग्न होऊन ती कुपवाडला आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात दोन रॅकेट दिसल्या. मला किती आनंद झाला ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी एका गाडीवरून आम्ही क्लबच्या मातीच्या कोर्टवर जात होतो. डबे करून जायचो. लोक हमखास विचारतात, म्हणून सांगते.

स्पर्धेच्या दुहेरीत एका स्थानिक जोडीला वाइल्ड कार्ड, म्हणजे मानांकन नसताना थेट प्रवेश मिळणार होता. त्यासाठी निवड सामने झाले. आम्ही ते जिंकलो. शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर पुण्याच्या अकादमीत शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या दोन मुली होत्या.

दुसऱ्या दिवशी संयोजकांपैकी एका गृहस्थांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला.

"ताई, तुम्ही जिंकलात, मान्य. पण त्या मुलींपुढं सगळं आयुष्य आहे. त्यांना संधी मिळाली तर जिल्ह्याचं नाव होईल. तुम्ही मोठ्या मनानं माघार घ्या. उद्घाटनाला आपण तुमचा सत्कार करू."

मोठं मन कर, हे मी लग्नापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मान हलवायचीच बाकी होती. जाऊनं कप खाली ठेवला.

"त्यांचा सत्कार करा," ती म्हणाली. "आमी खेळतो."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "कशाला वाईटपणा घेताय? क्लब त्यांच्याच हातात हाय. उद्या सकाळचं कोर्ट बंद केलं तर?" सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या मूळच्या वडूजकडच्या; लहानपणी मेंढरांमागं गावोगाव फिरलेल्या. टेनिस त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"तुमीच जिंकला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आत्या," जाऊ म्हणाली.

"मग इचार कसला करताय? आमी खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायला गेलो की एखादा म्हणायचा, हितनं उठा, दुसरं येणार हायत. रानमालकाशी बोलणं झालेलं असलं की आमी हलायचो न्हाई." आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

पहिला सामना दुपारी होता. समोर एक परदेशी खेळाडू आणि एक चेन्नईची, दोघी वर्षभर हेच करणाऱ्या. पहिला सेट आम्ही सहा-एक हरलो. कडेला बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "काकू दमल्या." लोक हसले.

बाकावर बसल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "ताई, तुमी लोकांना लाजताय. लवकर सुटायला बघताय."

ते खरं होतं. दिसेल तो चेंडू मी जोरात मारून संपवत होते. आम्ही ठरवलं, दोघींनीही मागं राहायचं, आलेला चेंडू उंच परत पाठवायचा आणि चूक त्यांना करू द्यायची. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, चेंडू बघायला त्यांना मान वर करावी लागत होती. एकेक गुण इतका लांबायला लागला की हसणारे फटके मोजायला लागले. दुसरा सेट सहा-चार आमचा.

तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होता. आठ-आठवर जाऊनं डाव्या हाताची सर्व्हिस इतकी बाहेर वळवली की परदेशी मुलीचा चेंडू जाळीत गेला. पुढच्या गुणाला मी उंच मारलेला चेंडू मागच्या रेषेजवळ पडला. पंच म्हणाले, "आउट." एरवी मी परत फिरले असते. त्या दिवशी मी पंचांना म्हणाले, "खाली या, खूण बघा."

ते उतरले. मातीत उठलेली खूण रेषेला टेकलेली होती, म्हणजे चेंडू आतच होता. त्यांनी वाकून पाहिलं आणि गुण आम्हाला दिला. दहा-आठ. जाऊ मला मिठी मारायची सोडून त्या खुणेकडे बघत उभी राहिली.

पुढच्या फेरीत आम्ही सहा-शून्य, सहा-दोन असे हरलो. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. त्या आमच्यापेक्षा फार चांगल्या होत्या. बाहेर पडताना ते गृहस्थ भेटले. "झालं ना समाधान?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," जाऊ म्हणाली.

कोर्ट कुणी बंद केलं नाही. पण यंदाच्या निवड सामन्यांच्या फॉर्मवर एक नवी ओळ आली: वय पंचवीसच्या आत. मी विचारलं, हा नियम कुठला? कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही दोघींनी फॉर्म भरले, वयाच्या रकान्यात खरी वयं लिहिली, सोबत लेखी हरकत जोडली आणि ऑफिसात नेऊन दिली. कारकून म्हणाला, ठेवून जा. आम्ही समोरच्या खुर्च्यांवर बसलो आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्यावरच उठलो.