नावं घेणारा माणूस

उमापूरच्या अर्जुनरावांचा आवाज ऐकला नाही असा माणूस आमच्या भागात शोधून सापडला नसता. लग्न असो, साखरपुडा असो, कुणाचा सत्कार असो, नाहीतर स्मशानभूमीतली श्रद्धांजली असो, माईक त्यांच्याच हातात असायचा. पोटासाठी त्यांची कपाशी होती, विहिरीखाली मोसंबीची बाग होती. माईकवर त्यांचं घर चालत नव्हतं. यजमान शाल, टोपी, नारळ द्यायचे आणि ते तेवढ्यावर खूश असायचे.

आमच्याकडच्या लग्नात निवेदकाचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. नवरा-नवरी स्टेजवर उभी असतात, अक्षता वाटून झालेल्या असतात आणि मांडवाच्या तोंडाशी पांढऱ्या गाड्या येऊन थांबत असतात. सभापती, मागचे सभापती, कारखान्याचे संचालक, सरपंचबाईंचे यजमान. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट माईकवर आलं पाहिजे. एक नाव राहिलं की रुसवा, दोन नावं मागंपुढं झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत तेढ. अर्जुनराव चालण्यावरून लांबून माणूस ओळखायचे. नाव, बापाचं नाव, गाव, पद, सगळं एका दमात. 'माजी' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. पद गेलेल्या माणसाला ते 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणायचे. पद गेलेलाही खूश, पद असलेलाही खूश.

साठीला दोन-तीन वर्षं कमी असताना त्यांना पहिल्यांदा ते जाणवलं.

विहिरीवरची मोटर बंद पडली होती. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, ते जळालंय. ये लवकर."

"काय जळालंय, काका?"

"ते... ते गोल. पाणी वढणारं."

पलीकडचा हसला. "मोटर म्हना की सरळ!"

अर्जुनराव पण हसले. पण फोन खिशात टाकल्यावर ते बराच वेळ विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मोटर. आयुष्यभर रोज तोंडात असलेला शब्द. तो विसरला, याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. तो ज्या जागी असायचा तिथं हात घातल्यावर काहीच लागलं नव्हतं, याचं वाटलं.

मग ते स्वतःवर पाळत ठेवू लागले. बायको वनमाला चहा गाळायची, तेव्हा तिच्या हातातल्या वस्तूंची नावं मनात म्हणून बघायचे. गाळणी, सांडशी, बशी. कधी सगळी यायची, कधी एखादं अडायचं. पेपर वाचताना बातमीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. एकदा फवारणीच्या पंपात त्यांनी औषध टाकलं, झाकण लावताना बांधावरच्या कुणीतरी हाक मारली आणि परत येऊन त्यांनी पुन्हा औषध टाकलं. कपाशीचा एक पट्टा करपला. वनमालानं विचारलं तर म्हणाले, "औषधच बोगस निघालं."

माईकवर मात्र कुणाला काही कळलं नाही. उलट लोक म्हणायला लागले की अर्जुनरावांची भाषा आता लईच फुलली. कारण नाव जिभेवर येईपर्यंत ते विशेषणं लावत राहायचे. "या पंचक्रोशीचं भूषण, गोरगरिबांचा आधार, दिलदार मनाचे, शब्दाचे पक्के, आपणा सर्वांचे लाडके..." असं म्हणत म्हणत तो माणूस स्टेजपर्यंत पोचायचा, तोवर नाव सापडायचं, नाहीतर कुणीतरी खालून पुटपुटायचं. टाळ्या पडायच्या.

मांडव आणि साउंडचं काम करणारा हनुमान हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो मशीनपाशी बसून सगळं ऐकायचा. एका लग्नातून परतताना त्यानं टेम्पो चालवता चालवता विचारलं, "अर्जुना, तुला मान्सं ओळखू येईनात का?"

"कावून? डोळे काय फुटलेत माझे?"

"डोळ्यांचं न्हाई म्हनत मी."

अर्जुनराव खिडकीबाहेर बघत राहिले.

ते घडलं मे महिन्यात. गेवराईकडच्या एका मंगल कार्यालयात मोठं लग्न होतं. दुपारची वेळ, पत्र्याखाली माणसं उकडून निघालेली. तेवढ्यात अमरसिंहांची गाडी आली. अमरसिंह हे त्या भागातलं तरुण नेतृत्व. त्यांचे वडील रामप्रसादजी दिवाळीच्या सुमारास वारले होते. सारा भाग लोटला होता अंत्यविधीला आणि तिथं श्रद्धांजलीचं सूत्रसंचालन अर्जुनरावांनीच केलं होतं. भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

अमरसिंह दारातून आत आले. चालणं हुबेहूब बापाचं. अर्जुनरावांनी माईक तोंडाशी नेला. विशेषणं सुरू झाली, लांबली, अजून लांबली. मग नाव आलं आणि आनंदाच्या भरात ते मोठ्यानं म्हणाले, "वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी जातीनं उपस्थित झालेत, आदरणीय रामप्रसादजी! त्यांचं मनःपूर्वक स्वागत!"

पत्र्याखालचा सगळा गलका एकदम बसला.

अर्जुनरावांना वाटलं, आवाज पोचला नाही. त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं.

अमरसिंह जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. त्यांच्याबरोबरचा एक कार्यकर्ता स्टेजवर चढला, माईक हिसकावला आणि माईक चालू असतानाच ओरडला, "दुपारच्याला ढोसून आलास का बे, म्हाताऱ्या?"

अर्जुनराव माळकरी नव्हते, पण दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडात घेतला नव्हता. पत्र्याखालच्या निम्म्या लोकांना ते माहीत होतं. त्यांनी त्या पोराकडं बघितलं, समोरच्या माणसांकडं बघितलं आणि मान खाली घालून हळूच म्हणाले, "हो. चुकलं. थोडी घेतलती."

ते स्टेजवरून उतरले ते थेट घरी आले.

कुणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं. पारावर लोक विचारायचे, "अर्जुनराव, ह्या वयात काय सुचलं?" आणि ते म्हणायचे, "संगत वाईट लागली." दारुड्या म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटत होतं. दारू उद्या सोडता येते. लोक चार दिवस हसतात आणि विसरतात. दुसरं जे होतं ते सुटण्यातलं नव्हतं, आणि त्याचं नाव काय हेच त्यांना माहीत नव्हतं.

वनमालाला हे पटलं नव्हतं. तिनं त्या दिवशी ते घरात आल्या आल्या जवळ जाऊन वास घेतला होता. वास नव्हता. नवरा खोटं बोलतोय, हे तिला कळलं होतं. का बोलतोय, ते मात्र तिला उमगेना.

त्यांची मुलगी सायली बीडला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. तिचं नेकनूरकडच्या एका घरात जमत आलं होतं. पोरगा तलाठी, माणसं सालस. पावसाळा तोंडावर आला असताना मध्यस्थाचा निरोप आला. पोरगी पसंत आहे, पण बाप पिणारा आहे असं दिसतंय, आमच्या घरात ते चालत नाही.

निरोप ऐकून वनमाला ओसरीवर आली. अर्जुनराव सुपातले शेंगदाणे निवडत बसले होते.

"आवं, आता तरी खरं सांगा," ती म्हणाली. "तुमी पेला नव्हता. मला ठावं हाय. दारुड्याची बायको म्हणून नळावर मी मान खाली घालून उभी राहते, ते राहीन. पण पोरीचं का वाटोळं करायलाव?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. बोलायला तोंड उघडलं. हजारो माणसांपुढं न अडखळता बोललेला तो माणूस बायकोपुढं बसून शब्द शोधत राहिला.

"वने, मला... जायलंय सगळं."

"काय जायलंय?"

"हे." त्यांनी कपाळावर हात मारला. "नावं. आधी मान्सांची. आता... आता ह्याची बी." त्यांनी सुपाकडं बोट दाखवलं.

वनमालानं सूप बघितलं, मग त्यांचा चेहरा बघितला. ती खाली बसली आणि रडायला लागली. सोयरीक मोडल्याचा निरोप ऐकून ती रडली नव्हती.

सायलीनं त्यांना शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर शांत होते, घाई करत नव्हते. त्यांनी पेन दाखवलं. अर्जुनराव म्हणाले, "पेन." घड्याळ दाखवलं. "घड्याळ." घड्याळाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. अर्जुनराव बघत राहिले. मग डॉक्टरांनी जनावरांची जेवढी येतील तेवढी नावं घ्यायला सांगितली. शेतकऱ्याला जनावरांची नावं! अर्जुनराव हसले, म्हणाले, "गाय, बैल, म्हैस..." आणि थांबले. गोठा डोळ्यांपुढं होता, कुत्रं दिसत होतं, शेळीची पिल्लं उड्या मारत होती. नाव एकाचंही येईना. त्यांनी सायलीकडं पाहिलं. ती दुसरीकडं बघत होती.

मेंदूचे फोटो, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे आणि ह्यात भाषा आधी जाते, बाकीचं मागाहून. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, पण गेलेलं परत येणार नाही. "त्यांना बोलतं ठेवा," ते म्हणाले. "शब्द लगेच पुरवू नका. वेळ द्या." अर्जुनराव बाहेर चपला घालत होते, तेव्हा सायलीनं दाराशी थांबून हळूच विचारलं, "डॉक्टर, हे पुढच्या पिढीत येतं का?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही. पण नक्की सांगता येत नाही." ती ते घरी कुणाला बोलली नाही.

परत आल्यावर अर्जुनरावांनी एकच हट्ट धरला. अमरसिंहांकडं जायचं. हनुमान त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेला. बैठकीत पाच-सहा माणसं कामं घेऊन आली होती. अर्जुनराव उभेच राहिले. हनुमान बोलायला लागला, तसं त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"दादा," ते म्हणाले. "त्या दिवशी... दारू न्हाई. दारू नव्हती." पुढचा शब्द सापडेना. बसलेली माणसं चुळबुळ करू लागली. "तुमचं नाव गेलतं. वडिलांचं ऱ्हायलतं. तेच आलं."

अमरसिंह उठले. त्यांनी अर्जुनरावांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "काका, मला राग नव्हता आला," ते म्हणाले. "बाबा आले, असं ऐकलं आन् मी मागं वळून बघनार होतो."

त्यांनी चहा पाजला, गाडीनं घरी पोचवलं. त्यांच्याच माणसांनी खरी गोष्ट गावोगाव सांगितली. अर्जुनराव प्यालेले नव्हते, आजारी आहेत. बदनामी पुसली गेली. नेकनूरची माणसं मात्र परत आली नाहीत. पिणाऱ्याच्या घरात सोयरीक नको होती, आता डोक्याच्या आजाराच्या घरात नको होती. सायली म्हणाली, "जाऊ द्या," आणि पुन्हा तिच्या कामाला गेली.

खरं कळल्याचा फायदा अर्जुनरावांना झाला असं म्हणता येत नाही. दारुडा समजत होते तोवर लोक त्यांच्याशी भांडत होते, टोमणे मारत होते, जाब विचारत होते. आता कुणी भांडेना. पारावर गेले की लोक जागा करून द्यायचे आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारायचे, "जे-व-न झा-लं का?" ते बहिरे नव्हते. वाक्य सुरू केलं की चौघं मिळून ते पुरं करायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचे. त्यांना खताविषयी सांगायचं असायचं, लोक पावसाविषयी बोलून मोकळे व्हायचे. 'तसं न्हाई' म्हणायला लागणारा वेळ त्यांना कुणी देत नव्हतं. हळूहळू त्यांनी पारावर जाणं सोडलं. हनुमान यायचा, शेजारी बसायचा, तंबाखू मळायचा. दोघं बोलायचे नाहीत.

घरात वनमाला डॉक्टरांनी सांगितल्यासारखं करायची. त्यांना काही हवं असलं की ती हातातलं काम थांबवून वाट बघायची. त्यांचा हात हवेत फिरायचा, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी असायचा. तो उचलून द्यावा असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं. कधी शब्द यायचा. तेव्हा ते लहान पोरासारखे खुलायचे. मग येईनासा झाला, आणि ती न थांबता तांब्या द्यायला लागली.

यंदाच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी वनमाला वेचलेला कापूस घरात टाकून ओसरीवर टेकली होती. अंगाला कापसाचे तुकडे चिकटलेले, पाय भरून आलेले. अर्जुनराव समोरून तिच्याकडं बघत होते. बराच वेळ बघून झाल्यावर, चारचौघांत पाहुण्याची विचारपूस करावी तशा आदबीनं ते म्हणाले, "तुमी जेवलाव का?"

चाळीस वर्षांच्या संसारात ते तिला 'वने' म्हणत आले होते. रागावले की 'तू' आणि लाडात आले तरी 'तू'. 'तुमी' कधीच नाही.

तिनं पदर सावरला.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "तुमी?"

"आमी..." त्यांनी घराच्या दाराकडं बघितलं. "घरचे यायचेत."

वनमाला उठली. आत जाऊन तिनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि एकाच ताटात वाढून ते बाहेर त्यांच्यापुढं ठेवलं.