सभागृह बंद, बोटी पाण्यात

तो तक्रार अर्ज मी अजून विसरलेलो नाही. अक्षर असं मोत्यासारखं, की ठाणे अंमलदारानं आधी हात पुसले, मग तो घेतला.

अर्जदार आमच्याच भागातले निवृत्त गुरुजी, आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेले. त्यांचं म्हणणं असं: तहसील कचेरीनं मंत्रालयाच्या आदेशावर पुरासाठी बोटी घेतल्या, पण अर्थसंकल्पात हा खर्च नाही आणि विधानसभेचं अधिवेशनही चालू नाही. सभागृहाच्या मंजुरीशिवाय सरकारला रुपया खर्चता येत नाही, म्हणजे आदेश बनावट.

चौकशी फौजदार म्हणून माझ्याकडे आली आणि मला ते पटलं. संशयित होता खरेदीची फाईल सांभाळणारा अव्वल कारकून. निवृत्तीला आठ दिवस राहिलेले. गुन्हा दाखल झाला तर पेन्शन अडकणार, हे त्यालाही ठाऊक होतं. चौकशीला तो वेळेवर आला. आणि मी, शहाणा, आवाज चढवून बसलो! बजेटात हा खर्च दाखव, म्हणालो.

"बजेटात न्हाईच की सायेब. म्हणून तर आकस्मिकता निधीतनं घेतलं."

हा कसला निधी, मी विचारलं. तर त्यानंच उलट विचारलं, "तुमी तालमीतलं न्हवं? छप्पर उडालं तर सभेची वाट बघतासा? अडीअडचणीच्या पेटीतनं काढतासा, मागनं सभेत मंजूर करून पेटी भरतासा. सरकारचंबी तसंच हाय. पेटी सभागृहानंच कायदा करून ठेवलीया."

मी हसलोच. गेल्याच साली वादळानंतर तालमीचे पत्रे आम्ही असेच बसवले होते. तरी पोलिसानं शब्दावर जाऊ नये. मंत्रालयात पत्र धाडलं. आदेश खरा असल्याचं लेखी उत्तर तीन दिवसांत आलं आणि चौकशी बंद केली.

ते उत्तर दाखवायला गुरुजींना बोलावलं, कारकुनालाही. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि कारकुनासमोर हात जोडले. "मी पोरांना चाळीस वर्षं अर्धाच धडा शिकवला," म्हणाले. कारकून बिचारा लाजून लाल झाला.

गडी ठरल्या दिवशी मानानं निवृत्त झाला. निरोपाचं भाषण गुरुजींनीच ठोकलं, तेही तासभर.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: आपल्याला माहीत नाही म्हणून समोरचा चोर ठरत नाही. आवाज चढवण्याआधी विचारावं.

हिवाळी अधिवेशनात बोटींच्या खर्चाची पुरवणी मागणी मंजूर झाली. त्या दिवशी दोघं एकाच स्कूटरवरून ठाण्यात आले, कारकुनाच्या हातात पेढे, गुरुजींच्या हातात वर्तमानपत्र.

"घ्या साहेब," गुरुजी म्हणाले, "पेटी भरली. आता धडा पुरा झाला."