भातकुलीचा चहा, अकोल्याचे पाहुणे

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी विसरली जाते. छापता न आलेलीच डोक्यात ठाण मांडून बसते. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या एका कॉलेजने मला सार्वजनिक प्रश्नांवरच्या विद्यार्थी-संशोधनाचा परीक्षक केलं, आणि हा साठा दुप्पट झाला!

*

राजापेठच्या पार्किंगवर बोलणारा अंकुश उशिरा आला. घामाघूम.

"कावून रे उशीर?"

"सर, गाडी उचलून नेली."

"कुठं लावली होती?"

"नो पार्किंगमधी. सर्वेच करून राहिलो होतो नं!"

पूर्ण मार्क दिले. एवढं फील्डवर्क आमचे बातमीदारही करत नाहीत!

*

एका गटाचा विषय चिखलदऱ्याचा कचरा. पडद्यावर दरीकाठी विखुरलेल्या थर्माकोलच्या प्लेटा. मी खवळलो, "कोणाचे हे उद्योग?"

"सर, तो प्रायमरी डेटा आहे."

"म्हणजे?"

"आमीच जेवलो होतो."

"अन् उचलल्या का?"

"फोटो झाल्यावर, सर!"

*

या पोरांचे गाईड ढोले सर. भला माणूस, पण प्रत्येक प्रश्नावर उपाय एकच. डास? जनजागृती. खड्डे? जनजागृती!

एकदा माझा तोल गेला. "सर, खड्ड्याले काय जागं करता? तो रात्रंदिवस जागाच आहे!"

पोरं हसली. पुढच्या वर्षी ते वाक्य ढोले सरांच्या भाषणात होतं. माझं नाव मात्र नव्हतं!

*

प्रणाली भातकुलीकडची. विषय, गावचं खारं पाणी. अकोल्याला होणाऱ्या संशोधन स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिची निवड झाली आणि ढोले सर घाबरले. प्रमुख पाहुणे नेमके पाणीपुरवठा खात्याचे साहेब!

"बेटा, विषय बदल. नंबर जाईन."

"सर, विषय बदलला तं पाणी बदलते का?"

मी तिच्या बाजूनं कडाकडा भांडलो. विषय राहिला.

अकोल्यात पहिली स्लाइड लागायच्या आतच साहेबांनी माइक घेतला. "त्या भागातला पाण्याचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. रिपोर्टवर माझीच सही आहे."

ढोले सरांनी डोळे मिटले. मी उठायच्या बेतात होतो. प्रणालीनं मात्र वाद घातला नाही. पिशवीतून थर्मास काढला.

"सर, घरून चहा आणला. आधी घ्या, मंग बोलते."

साहेब खूश. मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. कप खाली.

"अगं, पाणी आण आधी! प्यायचं पाणी!"

प्रणाली जागची हलली नाही.

"सर, चहात तेच टाकलं आहे."