चारनंतर पाणी बंद

उमरोळीच्या कृष्णकांत सावेंनी बोईसरच्या एका रासायनिक कारखान्यात एकतीस वर्षं आगीच्या बंबावर काढली. एवढ्या काळात खऱ्या आगी लागल्या चार. तीन ते पोचायच्या आत विझल्या होत्या. चौथी विझल्यावरही त्यांनी पाण्याचा मारा असा चालू ठेवला, की जळाला त्याच्या तिप्पट माल भिजून गेला. हे ते स्वतःच सांगतात, पाहुण्याचा चहा यायच्या आधी.

निवृत्तीनंतर पत्नी सुलूबाईंना अल्झायमर झाला. पालघरच्या डॉक्टर दीपिका यांनी नीट समजावलं होतं: मेंदूत राखणदार पेशी असतात, त्या साचलेला कचरा उचलतात. या आजारात कचरा संपत नाही आणि राखणदार शांत होत नाहीत. दाह चालूच राहतो, आणि त्यात चांगल्या पेशींचंही नुकसान होतं.

"म्हणजे आमचीच पार्टी," कृष्णकांत म्हणाले. "आग विझली तरी नळी सोडत नाय."

डॉक्टर हसल्या. कृष्णकांतांना वाटलं, विषय आपल्याच खात्यातला आहे.

त्यांच्या गुडघ्यासाठी सूज उतरवणाऱ्या गोळ्या घरात होत्या. गुडघ्याची सूज उतरते, मग डोक्याची का नाही? रिक्षा उमरोळीला पोचेपर्यंत हा प्रश्न होता. घरी पोचल्यावर तो उपचार झाला. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, चिकूच्या फोडीत दडवून. शिवाय सुलूबाई रात्री लघवीला उठून भलतीकडे चालू लागायच्या, म्हणून हुकूम निघाला: चारनंतर पाणी बंद. आणि कारखान्यातल्या पाळीच्या वहीसारखी एक वही. 'सकाळी ८. गोळी दिली. नाव विचारलं, बरोबर. ९.१०. वार विचारला. मलाच उलट विचारला.'

अकराव्या दिवशी सुलूबाई नवऱ्याकडे बोट दाखवून घरकाम करणाऱ्या जिवलीला म्हणाल्या, "हे गृहस्थ जेवले ना? मग आता त्यांना गाडीत बसवून द्या."

कृष्णकांत आधी हसले. दुसऱ्या दिवशी त्याच बाई त्यांना पाहून किंचाळल्या, भिंतीवर नसलेल्या मुंग्या झाडू लागल्या. वहीत लाल शाईने लिहिलं गेलं: 'आजार पुढच्या टप्प्यात.' त्यांनी ठाण्याला मुलीला, हिमानीला, फोन केला.

"ताप आहे का, बाबा?"

"अजिबात नाही. रोज दोनदा बघतो."

हिमानीने असे रुग्ण सांभाळणाऱ्या एका संस्थेत खोली पाहून ठेवलीच होती. शनिवारी न्यायचं ठरलं. कृष्णकांत हो म्हणाले. सुलू एकदा गेली की परत यायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

गुरुवारी ते तिच्या साड्या बॅगेत भरत होते. जिवली दारात उभी राहून बघत होती.

"काका, काकीला खरंच नेणार काय?"

"काय करू? मेंदूत दाह वाढलाय तिच्या."

"मेंदूचं मला नाय माहीत. मोरीत सकालपासून सहादा बसली. थेंब थेंब होतं नि वरडते. वास पन मारतो. तुमच्या वहीत हाय काय ते?"

वहीत दोनशेच्या वर नोंदी होत्या. लघवीची एकही नव्हती.

"नि पानी मागते तं तुमी देत नाय."

"चारनंतरच देत नाही."

"चारच्या आधी तरी कवा देता? आमच्या डोंगरावर पानी नाय, म्हनून आमी मोजून पितो. तुमच्या दारात बोअर हाय!"

कृष्णकांतांनी हातातली साडी बोळा करून बॅगेत टाकली. मग त्यांनी रिक्षा बोलावली.

लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर दीपिकांनी वही मागितली, पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"काका, ही गोळी कोणी सांगितली?"

"मीच."

"हिनेच ताप दाबला. ताप दिसला असता, तर तुम्ही आठवड्यापूर्वी आला असता. अशा गोळ्या या आजारात देऊन पाहिल्यात, मोठ्या चाचण्या झाल्यात. उपयोग झाला नाही. उलट पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका, आणि वरून तुम्ही पाणी तोडलं!"

"मग ती एकदम मला विसरली, ते?"

"शरीरात कुठेही संसर्ग झाला की मेंदूतले ते राखणदार आणखी पिसाळतात. दोन दिवसांत माणूस इतका घसरला, तर आधी दुसरं कारण शोधायचं. मूळ आजार एवढ्या घाईत नसतो."

"परत येईल ती?"

"औषध लागू पडलं तर होती तिथपर्यंत येईल. कदाचित थोडी अलीकडे राहील."

जन्मभर जास्त पाणी मारण्याबद्दल बदनाम झालेला माणूस आता पाणी तोडल्याबद्दल बोलणी खात होता. कृष्णकांतांनी हा विनोद डॉक्टरांना सांगून पाहिला. त्या हसल्या नाहीत.

शनिवारी हिमानी गाडी घेऊन आली. सुलूबाई झोपूनच होत्या. डोळे उघडले, तेव्हाही त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"सोमवारपर्यंत थांब, औषध लागू पडू दे," कृष्णकांत म्हणाले.

"सोमवारपर्यंत तुम्ही आणखी काय कराल, याचीच भीती वाटते मला."

"गोळ्या सगळ्या जिवलीकडे दे. मला पॅरासिटामॉलसुद्धा विचारून घ्यायला लाव."

हिमानी थांबली. सोमवारी सकाळी सुलूबाई आपण होऊन पडवीत येऊन बसल्या.

"अहो, दाढी का नाही केलीत? आजाऱ्यासारखे दिसताय." मग हिमानीकडे वळून, "ही कोणाची पोर? काही खाल्लं का हिने?"

मुलीला त्या वर्षभर अधूनमधून विसरतच होत्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या तशा 'होती तिथपर्यंत' आल्या होत्या; ती जागा एवढीच होती. हिमानी आत गेली आणि तिने खोलीसाठी नकार कळवला. पलीकडून कोणीतरी विचारलं असावं, पेशंट बरे झाले का. फोन हिसकावून कृष्णकांत म्हणाले, "पेशंट आहे तिथेच आहे, साहेब. सांभाळणाऱ्याची डॉक्टर म्हणून झालेली बढती रद्द झालीय."

हिमानी बॅग उघडून साड्या परत कपाटात लावू लागली. सुलूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे निघालो होतो आपण?"

"कुठेच नाही," कृष्णकांत म्हणाले.

"मग माझ्या साड्यांचे असे बोळे कोणी केले?"

कृष्णकांतांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.