वेशीवरचा भाचा

कंग्राळीच्या वेशीवर फेटा बांधलेल्या एका पोर्तुगीज पोराचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर ठळक अक्षरांत 'आमचा लाडका भाचा' असं लिहिलेलं होतं. तो आमचा भाचा नव्हता.

फ्लेक्स मी लावला होता. आणि बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत माझी नोकरी कसली, तर समोर आलेल्या माणसाचा चेहरा आणि कागदावरचा फोटो जुळतो की नाही हे बघायची! चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मी लोकांच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "हा फोटो तुमचा वाटत नाही." एका म्हातारीनं नवी कवळी बसवली होती, तर तिला मी कवळी काढून पुन्हा यायला सांगितलं होतं. (ती अजून मला शिव्या देते. आता तिच्या जोडीला सगळी कंग्राळी आहे.)

माझी धाकटी बहीण सुनंदा, म्हणजे आमची सुनी, गोव्यात दिलेली. दाजींचे वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्या जोरावर दाजींनी कागदपत्रं केली आणि बिऱ्हाड लिस्बनला हलवलं. तेव्हा त्यांचा ओंकार पहिलीत होता. त्याचं जावळ माझ्या मांडीवर काढलं होतं आणि त्यानं माझी नवी पॅन्ट भिजवून मामाचा यथोचित सत्कारही केला होता. पण गाव सोडल्यावर पोरगा काही दिसेना. व्हिडिओ कॉल लावला की सुनी दिसायची, दाजींचं टक्कल दिसायचं, छताचा पंखा दिसायचा. ओंकार कुठाय विचारलं की उत्तर ठरलेलं: "खेळायला गेलाय."

हा खेळ म्हणजे फुटसाल. फुटबॉलचाच धाकटा भाऊ. छपराखाली, गुळगुळीत फरशीवर, पाच-पाच जणांत खेळायचा. मला वाटलं, जागेची अडचण असेल बिचाऱ्यांना! आणि एक दिवस सुनीचा फोन आला. ओंकार पोर्तुगालच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात निवडला गेला होता आणि युरोपातल्या देशांची मोठी स्पर्धा खेळणार होता. पाठोपाठ तिनं सगळ्या संघाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघू, मामाला भाचा ओळखतो काय!"

त्या एका ओळीनं घात केला. "यातला ओंकार कुठला गं?" एवढं विचारलं असतं तर काम झालं होतं. पण जो दिवसभर लोकांची तोंडं तपासतो, त्यानं सख्खा भाचा कुठला म्हणून विचारायचं? जीव गेला तरी नाही!

फोटो मोठा करून आम्ही सगळे पडवीत बसलो. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मधल्या रांगेतल्या एका उंच, देखण्या पोरावर बोट ठेवलं.

"ह्यो! नाक बघ. माझं नाक हाय."

"व्हय की! आणि कपाळ आईचं," मी म्हणालो.

"उभं राहायची ढब बघ. घराणं लपतंय व्हय?"

माझी बायको रेखा मान तिरकी करून बघत होती. तिनं अगदी कडेला बसलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या आणि दोन्ही कान बाहेर आलेल्या पोराकडे बोट केलं.

"अवो, मला तर ह्यो वाटालाय. तुमच्यागतच दिसतोय की."

"हा? ह्या सुपाएवढ्या कानांचा? काय बोलालीस तू! आमच्या घराण्यात हाय का असलं कुणी?"

रेखानं माझ्या कानांकडे बघितलं आणि ती भाजी चिरायला उठून गेली. मी लगेच सुनीला कळवलं: "ओळखला! एका नजरेत!" तिनं हसरे चेहरे पाठवले आणि विषय तिथंच मिटला. मिटला असं मला वाटलं.

आता आमच्याकडे कुणी दहावीला पास झालं तरी फ्लेक्स लागतो. बैलगाडी शर्यतीत बैल पहिला आला तर बैलाचा लागतो. मग युरोपात खेळणाऱ्या भाच्याचा नको? तालीम मंडळाचा अध्यक्ष पुंडलिक आणि मी शहरात जाऊन फ्लेक्सवाल्याकडे बसलो. त्यानं संघाच्या फोटोतून आमचं देखणं पोर कापून काढलं आणि विचारलं, "लई गोरा हाय हो. जरा सावळा करू काय?"

"नको. तिकडची हवा हाय ती."

"फेटा?"

"घाला की! आणि कपाळाला गंध. तुरा मोठा पाहिजे."

वर कन्नड, खाली मराठी आणि मध्ये पोर्तुगालचं निशाण आलं, त्यामुळे तक्रारीला कुणालाच जागा राहिली नाही. भोवतीनं शुभेच्छुकांचे गोल फोटो होते. अर्धी गल्ली गॉगल लावून त्यात उभी होती. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात मी, आणि माझ्या हनुवटीखाली 'मामा'. फ्लेक्स वेशीवर चढला तेव्हा ताशा वाजला. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि म्हणत होते, "मामाच्या वळणावर गेला न्हाय, बरं झालं." मी ते कौतुक म्हणून ऐकत होतो.

इकडे पोर्तुगाल उपांत्य फेरीत पोचला आणि त्याच सुमाराला सुनीची सासू गोव्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. सुनीला तातडीनं यावं लागलं. म्हातारीचं ऑपरेशन नीट झालं आणि मग सुनीचा फोन आला.

"अण्णा, पोराचा एवढा मोठा खेळ आणि मी हिकडं. त्याची एक म्याच चुकवली न्हाय रं मी आजपातूर. एकटीनं मोबाइलवर बघवायचं न्हाय मला."

मी म्हटलं, "एकटीनं कशाला? माहेराला ये. आख्ख्या गावाला बसवतो तुझ्या शेजारी! कसा वरडतोय बघ गाव तुझ्या पोरासाठी!"

हा शब्द मात्र मी पाळला. गाव ओरडलं.

देवळापुढे गणपती मंडळाचा पडदा बांधला. खेळ तिकडच्या दुपारी होता, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला. गावच्या कुस्त्यांना पुंडलिकच माइकवर असतो, त्यामुळे माइक त्याच्याकडे. सुनीची बस चोर्ला घाटात अडकली. ती रिक्षानं मागच्या रस्त्यानं आली, त्यामुळे वेस लागलीच नाही आणि तिला फ्लेक्स काही दिसला नाही. खेळ सुरू झाला होता. रेखानं तिला पुढे बायकांत बसवलं.

समोर स्पेन होतं. आमच्या फ्लेक्सवरचा पोरगा पाऱ्यासारखा पळत होता. त्याच्या पायाला चेंडू लागला की सगळं गाव एका सुरात, "ओंकाऽऽर!" पुंडलिक माइकवर, "कंग्राळीच्या मातीतलं पाणी हाय ते! धोबीपछाड टाक, पोरा!" मी बाह्या सरसावून सगळ्यांत पुढे. अधूनमधून सुनीकडे बघत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती गावाकडे वळून हात जोडत होती. (ओंकार तेव्हा बाकावर बसलेला होता. बसलेल्या पोरासाठीसुद्धा गाव घसा फोडतंय, हे बघून ती भरून पावली होती, असं तिनं नंतर सांगितलं.)

आता फुटसालात एक भानगड असते. खेळाडू कधीही बाहेर जातो, दुसरा कधीही आत येतो. पंचाला विचारणं नाही, खेळ थांबणं नाही. कोल्हापूरच्या एसटीला जागा धरावी तशी सगळी आत-बाहेर. बरोबरी चालू होती, थोडाच वेळ उरला होता, आणि आमचा देखणा वाघ पळत पळत बाहेर गेला. त्याच्या जागी कोण आला? तोच! कपाळाला आठ्या, सुपाएवढे कान!

गाव खवळलं.

"आरं, आमच्या पोराला का काढलं?"

"ह्यो कोण आणि? ह्याला भाईर काढा!"

आल्या आल्या त्या बिचाऱ्याचा पाय घसरला आणि चेंडू स्पेनच्या पोराकडे गेला. गोल होता होता राहिला. मग माझा तोल सुटला. मी पुंडलिकच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

"ए कान्या! कुणाच्या वशिल्यानं आलास रं? घरी जा! आईनं जेवाय घातलं न्हाय काय तुला?"

गाव खो खो हसलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि पुढच्या रांगेतून सुनी उठली. ती माझ्यापाशी आली तेव्हा माइक माझ्या हातात होता आणि चालू होता.

"अण्णा," ती म्हणाली, "त्यो माझा ओंकार हाय."

कर्ण्यातून ते वाक्य सगळ्या कंग्राळीला ऐकू गेलं. आमच्यात बुद्रुक आणि खुर्द अशा दोन कंग्राळ्या आहेत. दोन्हींना ऐकू गेलं.

पडद्यावर पोरं पळत होती, पण देवळापुढे सगळे पडदा सोडून माझ्याकडेच बघत होते. घाट ओलांडून बहीण माहेरी आली होती ती पोराचं कौतुक बघायला, आणि मी गाव जमवून, माइक लावून तिच्या पोराची टिंगल केली होती. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण आमच्याकडची भुई चांगली घट्ट, काळी, ऊस पिकवणारी. ती कुठली दुभंगते!

"मग त्यो वेशीवरचा कोण?" पुंडलिकनं विचारलं.

"वेशीवर कोण हाय?" सुनी म्हणाली.

तेव्हा आमचे आप्पा काठी टेकत उभे राहिले. तेच आप्पा, ज्यांना स्वतःचं नाक भलत्याच्या तोंडावर दिसलं होतं. त्यांनी पडद्याकडे काठी रोखली आणि जेवढा म्हणून दम होता तेवढा लावून आरोळी ठोकली, "ओंकाऽऽर! मार, माझ्या राजा! कान बघा त्येचे! माझ्या अण्णाचे कान हायत!"

गावानं एका क्षणात कूस बदलली. मघाशी हसणारी सगळी तोंडं "ओंकाऽऽर, ओंकाऽऽर" करू लागली. आणि त्या पोराला सातासमुद्रापलीकडे ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानं स्पेनच्या पोराच्या पायातला चेंडू खसकन काढला, एकाला हुलकावणी दिली, आणि पुन्हा आत आलेल्या फ्लेक्सवरच्या पोराकडे अलगद ढकलला. त्यानं जाळ्यात मारला!

"भाच्यानं मारला!" पुंडलिक माइकवर बेंबीच्या देठापासून ओरडला. "न्हाय न्हाय, वेशीवरच्यानं मारला! भाच्यानं दिला! आता हार कुणाला घालू रं?"

सुनी रडत होती, हसत होती आणि माझ्या पाठीत गुद्दे घालत होती.

"तू एका नजरेत ओळखला म्हणालास, मला वाटलं न ओळखायला काय झालं? आरशात बघितलं तरी कळंल!"

पोर्तुगालनं खेळ जिंकल्यावर तिनं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल माझ्या हातात दिला. त्यात माझाच चेहरा दिसला. म्हटलं, "सुनी, कॅमेरा उलटा झालाय बघ." त्यावर तो चेहरा म्हणाला, "मामा, मी ओंकार." इतक्या वर्षांनी भाचा समोर आला आणि मी मोबाइलची बटणं दाबत बसलो होतो.

मी सगळं कबूल करून टाकलं. पोर इतकं हसलं की त्याला बाकावर बसावं लागलं. मी पाठवलेला फ्लेक्सचा फोटो त्यानं शेजारच्याला दाखवला. तो शेजारचा म्हणजे तोच, देखणा. स्वतःला फेट्यात आणि गंधात बघून तो हरखून गेला. फ्लेक्स काढू नका, माझ्या आईला बघायला यायचंय, असा निरोप त्यानं दिला. (अंतिम सामन्यात पुढे पोर्तुगाल हरलं. पण आमच्या गावात ते कुणाच्या लक्षातही नाही.)

तरी मी दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवायला गेलो. शुभेच्छुक आडवे आले.

"तुमचा भाचा चुकला म्हणून आमचे फोटू कशाला काढालाय? आमचे बरोबर हायत की!"

"निदान ओंकारचा फोटो तरी लावा," मी म्हणालो. "बहिणीला तोंड कसं दाखवू?"

"जागा कुठं हाय?" पुंडलिकनं फ्लेक्सवरून नजर फिरवली. "बघतो. माझ्यावर सोडा."

सुनी गोव्याला परत गेली. मी रोज वेशीवरून नोकरीला जातो. ओंकारचा फोटो काही लागलेला दिसेना. पण कोपऱ्यातला माझा फोटो मात्र उन्हातान्हात राहून उजळला होता. गालफडं भरलेली वाटत होती, केसही दाट. 'मामा' ही अक्षरं त्याखाली शोभून दिसत होती. एकदा सोसायटीतल्या साहेबांना गाडी थांबवून दाखवलासुद्धा. "तुमचाच ना?" त्यांनी विचारलं. "मग! जरा जुना आहे," मी म्हणालो.

एका रविवारी रेखाला मागे बसवून बाजाराला निघालो. वेशीवर गाडी हळू केली आणि म्हणालो, "बघ, फ्लेक्सवाल्यानं माझा फोटो काय झकास काढलाय!"

"अवो," रेखा म्हणाली, "पुंडलिक भावजींनी तुमच्यावर ओंकारला चिकटवून पंधरा दिवस झाले."

भाचा तर मला ओळखता आला नव्हताच. आता मामाही आला नाही.